दिवा हिरवाच होता

योगराजला एक खोड आहे. समोर काहीही दाखवा, तो आधी त्यातली चूक शोधतो. आमच्या लग्नात फोटोवाल्याला दिवा कुठे धरायचा ते शिकवत बसला, आणि तेवढ्यात माझी आजी फोटोत यायची राहून गेली. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, पण मनात अरेतुरेच असतं. आणि हे सगळं मनातलंच आहे, तेव्हा इथेही अरेतुरेच चालू दे.

सुरतेतल्या प्लेगच्या पळापळीला चारेक वर्षं झाली असतील, त्या सुमाराला त्याला कॉम्प्युटरवरच्या एका खेळाने झपाटलं. कॉम्प्युटर आमचा नव्हे. छगन म्हणून त्याचा आयटीआयमधला दोस्त, पर्वत पाटिया भागात एका खोलीत साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढून द्यायचा. रविवारी मार्केट बंद, म्हणजे कॉम्प्युटर मोकळा. मग हे दोघे खुर्चीला खुर्ची लावून बसायचे आणि मी मागच्या खाटेवर. धागे कापायच्या साड्या मी उधन्याच्या घरून बरोबर न्यायचे. नवऱ्याचा खेळ रिकाम्या हाताने बघत बसण्याइतकी मी अजून कामातून गेले नव्हते.

खेळात एक ओसाड ग्रह होता. तिथे माणसांनी वसाहत बांधलेली, आणि आपण उतरून बघतो तर सगळे मेलेले. कोणी खुर्चीत, कोणी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून. विषारी वायू शिरला होता म्हणे. आपण बंदूक घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडायचं आणि मधूनच भिंतीतून काहीतरी वळवळत बाहेर आलं की त्याला मारायचं. त्या वळवळणाऱ्या प्राण्यांबद्दल योगराजची काहीच तक्रार नव्हती. ते त्याला पटत होते. त्याचा राग होता यंत्रांवर.

"नुसता हात दाखवला की दार उघडतं," तो म्हणायचा. "आणि लाइट गेली तर? हाताने उघडायला एक कडी नाही. आमच्या उधन्यात हे लोक आठवडाभर टिकले नसते."

"एवढ्या लांब गेलेत ते. त्यांची लाइट जात नसेल," छगन म्हणाला.

"लाइट आहे तिथे ती जाणारच."

मग तो पोशाखावर घसरला. माणसाने घातलेला पोशाख हवा संपत आली की गोड आवाजात तसं सांगायचा. योगराज म्हणाला, एवढं बोलता येतं तर दुसरी टाकी लावता येत नाही का? मी मागून म्हटलं, "तुम्हालाही बोलता येतं. घरातला नळ टपकतोय ते तुम्ही रोज सांगता, तसंच आहे ते." छगन हसला. योगराजने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

पण त्याला खरी खुपली ती भिंतीवरची पेटी. त्या वसाहतीत प्रत्येक खोलीत एक लहानशी पेटी होती. ती हवेचा वास घ्यायची. वायू आला की भोंगा वाजणार, लाल दिवा लागणार आणि दारं आपोआप बंद होणार. योगराजने खेळ थांबवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"ही चूक बघ," तो म्हणाला. "खोलीखोलीत पेटी आहे. दिवे चालू आहेत. मग ही माणसं मेली कशी? एक तर पेटी नको, नाहीतर मेलेली माणसं नकोत. दोन्ही एकदम जमतच नाही. बनवणाऱ्याने जरा तरी विचार करायला हवा होता."

"अरे भाई, खेळ आहे," छगन म्हणाला.

"खेळ असला तरी यंत्र यंत्रासारखं पाहिजे."

मी धागा तोडला आणि म्हटलं, "कोणीतरी पेटी बंद करून ठेवली असेल."

"जीव वाचवणारी वस्तू कोण कशाला बंद करेल?"

"तुमचे आबा करतील," मी म्हटलं, आणि आम्ही तिघंही हसलो.

आबा म्हणजे माझे सासरे, धुडकू. उभं आयुष्य त्यांनी उधन्यात लूमवर काढलं. लूमला एक छोटा काटा असतो. आडवा धागा तुटला की तो काटा पडतो आणि लूम आपोआप थांबते, म्हणजे कापड खराब होत नाही. पण जुन्या लूमचा काटा धागा न तुटताही पडायचा. मजुरी मीटरवर. लूम उगीच थांबली की तेवढं कापड कमी भरणार. मग कारीगर काय करायचे, तो काटा धाग्याने घट्ट बांधून टाकायचे आणि तुटलेला धागा स्वतःच्या डोळ्यांनी धरायचे. सगळेच करायचे, पण आबांची गाठ अशी की शेठला जवळ येऊनही दिसायची नाही. घरी ते हे कौतुकाने सांगायचे. नजर कमी झाली तेव्हा लूम सुटली, आणि योगराजने त्यांना तो स्वतः कामाला होता त्या कारखान्यात साफसफाईला लावून घेतलं.

हा कारखाना सुरतेबाहेर सचिन गावाच्या औद्योगिक वसाहतीत. कसलं तरी केमिकल बनतं. नाव मला आजही नीट घेता येत नाही. योगराज तिथे ऑपरेटर. त्याच्या शेडमध्ये क्लोरीनचे सिलिंडर असतात, माणसाएवढे उंच. हा वायू छातीत गेला तर माणूस उरत नाही, हे त्याने मला लग्नानंतर अगदी सहज सांगितलं, पाणी कुठून भरायचं ते सांगावं तसं. तेव्हापासून तो घरी आला की मी आधी त्याचा शर्ट हुंगते. सासूबाईंना, मालतीबाईंना, ते मुळीच आवडत नाही. त्यांना वाटतं मी दारूचा वास शोधते. त्यांना खरं काय ते सांगावंसं मला कधी वाटलं नाही. घरात एकीने घाबरायचं ते पुरे होतं.

दिवाळीनंतर कारखान्यात तशीच पेटी बसवली होती, खेळातल्यासारखी. परदेशी. वायू आला की भोंगा. योगराजने मला तिचं चित्र काढून दाखवलं होतं, पुढे जाळी, वर हिरवा दिवा. त्या रात्री मी लग्नानंतर पहिल्यांदा गाढ झोपले असेन.

पर्वत पाटियाहून परत येताना रिक्षात मी त्याला विचारलं, "तुमची पेटी वाजते का हो?"

"आधी फार वाजायची. सिलिंडर बदलताना जरासा वास सुटला तरी सुरू. मग सगळं बंद करून बाहेर जा, तोवर बॅच खराब, आणि वर साहेबाच्या शिव्या. आता शांत आहे."

"शांत कशी झाली?"

"नवीन मशीन असतं ना, त्याला बसायला वेळ लागतो. आता बसलं. दिवा मी रोज बघतो. हिरवा असतो."

तो पुढे पुन्हा खेळातल्या दारांवर गेला. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मशीन बसलं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात बसेना. आमच्या घरातलं कुठलंही मशीन असं आपणहून सुधारलेलं मी पाहिलं नव्हतं. पण नवरा यंत्रातला, आणि मी धागे कापणारी. गप्प बसले.

त्या आठवड्यात योगराजची दुपारची शिफ्ट होती. आबा मात्र रोज सकाळी जायचे आणि संध्याकाळी परत. त्या दिवशी ते आले, पाय धुतले आणि ओल्या पंचाने डोळे पुसत बसले. मी चहा ठेवला होता. बराच वेळ झाला तरी ते पुसतच होते.

"काय झालं आबा?"

"डोया चुरचुरी राहिनात. शेडमा आज वास शे जरासा. दुपारपाईन."

माझ्या हातातली सांडशी तशीच राहिली. "वास? कसला वास? मग भोंगा नाही वाजला?"

"तो कसा वाजी?" आबा म्हणाले, आणि हसले. अगदी मनापासून हसले. "ती पेटीना तोंडले मी पन्नी बांधी टाकी. महिना व्हयना. कोणले दिखत बी नही. वरना दिवा हिरवाच शे."

मालतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, कारण मी एकदम गॅस बंद केला होता. त्यांनी विचारलं, काय झालं व?   त्या पेटीला नाक होतं आणि ते आबांनी प्लास्टिकच्या पिशवीने बांधलं होतं. तिला काहीच कळत नव्हतं, म्हणून ती हिरवी होती. आणि तिच्या खाली माझा नवरा उभा होता, दिवा बघून निश्चिंत.

मी चप्पल न घालताच कोपऱ्यावरच्या एसटीडीत गेले. कारखान्याचा नंबर मला पाठ होता. तो पाठ करून ठेवला होता हे योगराजलाही माहीत नव्हतं. बराच वेळ रिंग जात राहिली. मग कोणीतरी उचलला.

"ऑफिस बंध थई गई छे. काले फोन करजो."

"भाई, शेडमध्ये गॅस आहे," मी म्हटलं. गुजराती मला चांगली येते, पण त्या क्षणी एक शब्द आठवला तर शप्पथ. "वो पेटी बंद है. पन्नी बांधी है उसको. योगराज को बाहर बुलाव."

"कोण पन्नी? बेन, तमे कोण बोलो छो?"

"उसकी बायको."

त्याने माझ्याकडे दुर्लक्ष करून पलीकडे कोणाला तरी काही सांगितलं. कोणाची तरी बायको आहे, घरचं काहीतरी, असं ऐकू आलं. आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला. तो कोणी उचललाच नाही.

वळले तर आबा मागे उभे. ते माझ्या चपला हातात घेऊन आले होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं की आता त्यांनाही कळलं आहे.

रिक्षा मिळाली. उधन्याहून सचिनला जायला असा कितीसा वेळ लागतो, पण त्या संध्याकाळी अख्ख्या सुरतेचं कापड त्याच रस्त्याने निघालं होतं. भेस्तानजवळ गाठोड्यांनी भरलेला एक टेम्पो आडवा झाला होता आणि त्याचा ड्रायव्हर खाली उतरून विडी पीत होता. मी रिक्षातून डोकं काढून त्याला जे बोलले ते सासऱ्यांसमोर कधी बोलले नसते.  आबा दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून बसले होते.

"वास कितपत होता, आबा? जास्त?"

"जरासा."

"हे कुठे उभे होते?"

"सिलिंडरजोडे." आणि मग, मला नव्हे, स्वतःलाच, "दिवा हिरवा व्हता ना."

माझ्या तोंडाशी आलं होतं की तुम्हीच आंधळी केली ना तिला. पण ते म्हटलं असतं तर मी रडले असते, आणि रडायला लागले तर कारखान्याच्या दारात मला बोलता आलं नसतं. मी जीभ चावली. मनात एकच चाललं होतं, की अजून वायू थोडाच असू दे, अजून तो उभा असू दे. देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. तेवढंही थांबायला वेळ नव्हता.

गेटवर वॉचमन हिलाल होता, आमच्याच धुळ्याकडचा. त्याने मला अडवलं. बाईमाणसाला आत सोडत नाहीत. आबांना त्याने ओळखलं आणि विचारलं, "आते कसा वापस उनात?"  घरात पाण्याचा तांब्या उचलायला आबा दोनदा उठबस करतात. ते धावत गेले. शेडच्या कोपऱ्यावर वळताना त्यांची टोपी पडली, ती तिथेच राहिली.

मी गेटचे गज धरून उभी राहिले. आत सगळं नेहमीसारखं दिसत होतं. एक माणूस पिंप लोटत नेत होता. कुठेतरी पंखा घरघरत होता. हिलालने विचारलं काय झालं, मी सांगितलं. मग त्याने खिशातला रुमाल काढला आणि वारा कुठून येतो ते बघितलं. मला ते आवडलं नाही. तो घाबरला नसता तर मला जरा धीर आला असता.

आबांना शिडी लावायला वेळ लागेल, मी मनात म्हणत होते. गाठ त्यांचीच, पण डोळे चुरचुरतायत, सुटायला वेळ लागेल. अजून का वाजत नाही? का पन्नी काढूनही ती वाजणार नाही, महिनाभरात तिचं नाकच मेलं असेल?

आणि भोंगा वाजला. मी तो आधी कधी ऐकला नव्हता. दातांत शिरणारा आवाज. पिंपवाल्याने पिंप सोडलं. शेडमधून माणसं बाहेर येऊ लागली, तोंडावर बाही, कोणी बनियन वर ओढलेलं, खोकत, शिव्या देत. मी प्रत्येक तोंड बघत होते. हा नाही. हाही नाही. शेवटची दोघं आली आणि मग दारातून कोणीच येईना.

"योगराज कोठे शे?" हिलाल त्यांच्यावर ओरडला.

"सिलिंडरना वाल बंद करी राहिना," एक जण म्हणाला आणि खाली बसून ओकला.

हिलालने मला धरलं नसतं तर मी गेटवरून चढून गेले असते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग ते दोघं दिसले. योगराजच्या तोंडाला ओलं फडकं होतं आणि त्याने आबांना काखेतून धरून ओढत आणलं होतं. आबांचे पाय जमिनीला नीट लागत नव्हते. गेटबाहेर येऊन दोघंही रस्त्याच्या कडेला बसले. योगराजचे डोळे लालभडक. मी त्याचा शर्ट हुंगला नाही. त्याची गरज नव्हती, वास माझ्यापर्यंत येत होता. मी त्याच्या तोंडावर पाणी मारत राहिले, तो खोकत राहिला, आणि त्या खोकल्याइतकं चांगलं मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

सिलिंडरच्या तोंडाशी बारीक गळती होती. अजून थोडा वेळ गेला असता तर, असं सगळे म्हणत होते आणि पुढचं बोलत नव्हते. तेवढ्यात साहेब आला. त्याच्या हातात ती पन्नी होती, धाग्यासकट.

"आ कोणे बांध्युं छे?"

 मला वाटलं, आबांनी गप्प राहावं. खरंच वाटलं. पण आबांनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

"आबा?" योगराज म्हणाला. "काबर?"

आबांना बोलायला दम नव्हता. दोनदा खोकले. साहेबाकडे त्यांनी बोट दाखवलं.

"ती वाजे का हाऊ माणूस तुले सगळासमोर माय-बहीणवरून शिव्या दे. मी तठेच झाडू मारू." त्यांनी पंचाने तोंड पुसलं. "माले ते ऐकवे नही."

रिक्षाभर मी त्यांना सुनवायचं म्हणून जे जमवून ठेवलं होतं, ते मी तिथेच सोडून दिलं. योगराज खाली मान घालून बसला होता. साहेबाला अहिराणी कळत नव्हती. त्याने हिलालला विचारलं, काय म्हणतो हा? हिलाल म्हणाला, माफी मागतो.

आबांची नोकरी गेली. ते आता घरी असतात, मालतीबाईंच्या हातातले तांदूळ घेऊन निवडत बसतात, खडे तसेच राहतात. खोकला अजून आहे. पेटीला आता लोखंडी जाळीचं कुलूपबंद झाकण केलं आहे, कोणाचा हात पोचणार नाही असं. हे योगराजने मला खुशीत सांगितलं, झाकणाचं चित्रही काढलं. त्यात कोणती चूक आहे तेही सांगितलं.

परवा दुपारी तो शिफ्टला जायच्या आधी जेवत होता. मी विचारलं, "वाजते का हो आता?"

"वाजते ना. रोज वाजते. परवा तर चार वेळा."

माझा जीव भांड्यात पडला. "मग लगेच बाहेर येता ना?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "येतो."

"दरवेळी?"

"दरवेळी कसं येणार? बॅच जाते. आणि साहेब तर उभाच असतो तिथे. खरा वास असेल तर कळतो आपल्याला."

आबांचा तांदळातला हात थांबला. मी ताटासमोरून उठले आणि ओरडले. ह्या घरात मी कधी ओरडले नव्हते असं नाही, पण असं ओरडले नव्हते. शेजारच्या सरलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, मी तिथे येऊन उभी राहीन, गेटवर बसेन, आम्हाला नको ती नोकरी, गावी जाऊ, उपाशी राहू. काय काय म्हटलं ते मलाच आठवत नाही.

योगराजने शांतपणे जेवण संपवलं, हात धुतले, पाणी प्यायलं. मग दारातल्या सरलाबाईंकडे बघून हसला.

"काही नाही मावशी," तो म्हणाला. "ही ओरडतेच. आम्हाला सवय आहे."

आणि चपला घालून शिफ्टला गेला.